पट्टी सैल करायला

तृप्तीने मखमलाबादला रिक्षा सोडली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. हातातल्या पिशवीत केळी होती आणि मनात एकच वाक्य घोळत होतं : मावशी, माझं चुकलं.

नाशिकच्या एका कॉलेजात ती पॉलिमरवर संशोधन करत होती. प्लास्टिकमध्ये चिकणमातीचे नॅनो कण मिसळून तिने एक पट्टी बनवली होती. गरम पाण्यात धरली की ती भिजवलेल्या कणकेसारखी मऊ व्हायची आणि मोडलेल्या हातावर बसवली की निवता निवता घट्ट धरायची. झेंडूचा मळा करणाऱ्या नवसाबाई बांधावरून पडल्या, मनगट मोडलं, आणि ओळखीच्या डॉक्टरांनी त्यांना तृप्तीकडे पाठवलं. पट्टी बसवताना तृप्तीने सांगितलं होतं, सूज वाढली तर ही आवळेल. मी परवा घरी येऊन सैल करून देते.

परवा ती गेली नाही. परिषद तोंडावर आली होती. तिथे पोस्टरवर नवसाबाईंच्या पट्टीतल्या हाताचा फोटो झळकला, बक्षीस मिळालं, टाळ्या झाल्या. नंतर मात्र तो फोटो दिसला की ती नजर फिरवायची. फोन करायचंही तोंड राहिलं नव्हतं. असाच महिना गेला.

अंगणात नवसाबाईंची सून रूपाली हार ओवत बसली होती. ओल्या झेंडूचा उग्र वास दाटला होता. आत कुठेतरी पाणी उकळत होतं... तृप्तीने चपला काढल्या आणि ती चाचरत माफीचे शब्द जुळवायला लागली. रूपालीने तिला पुरतं बोलूच दिलं नाही. माफी कसली, ती म्हणाली. मध्यंतरी सासूबाईंची बोटं काळीनिळी पडली होती. तुम्ही पट्टी सैल केली म्हणून हात वाचला, असं डॉक्टरच बोलले. रोज सांजेला येता, हात शेकून देता. पोटची लेक करणार नाही एवढं केलंत.

या अंगणात तृप्ती आज पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती. ते सांगायला तिने तोंड उघडलं.

"त्यात काय एवढं," ती म्हणाली. "माझं कामच आहे ते."

शब्द तोंडातून गेले आणि तिचे कान तापले. मान वर करवेना. रूपालीची सुई मात्र फुलातच थांबली होती.

"पण मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुम्ही आत्ताच आत गेल्या ना? बाहेर कवा आल्या?"

आत पातेल्यावरचं झाकण वाजलं. मग कुणीतरी दमल्या, हलक्या आवाजात विचारलं, "मावशी, दुखतंय का?"

आवाज तृप्तीचाच होता. फक्त इतक्या मायेने ती कधी बोलली नव्हती.

"नाय गं बाई," नवसाबाई म्हणाल्या. "बाहेर कोन आलंय?"

"कोणी नाही," आतली म्हणाली.