वापरलेली हवा

घरातली बुरशी शोधणं आणि हवा तपासणं हे माझं काम. खोकला काही केल्या जाईना झाला की लोक मला बोलावतात. या घरातली सूनही सासूबाईंच्या खोकल्यानं मेटाकुटीला आली होती. डॉक्टरांनी खोली बदला म्हणून बजावलं होतं, पण आजी ऐकत नव्हत्या. सासरे मागच्या वर्षी त्याच खोलीत गेले, एवढं तिनं मला जिन्यातच सांगून ठेवलं.

खोली नीटनेटकी होती. भिंतीला लागून पलंग, त्यावर दोन उशा. आजी दाराकडच्या बाजूला झोपत. बुरशी मात्र भिंतीकडच्या, रिकाम्या उशीशेजारी होती. ताटाएवढी, काळपट हिरवी. आत पाइप गळत असेल म्हणून मी भिंतीतली ओल मोजली. भिंत आतून ठणठणीत कोरडी. ओल फक्त वरवर होती. थंड भिंतीवर रोज जवळून श्वास पडला की धरते तशी.

मी खिडकी उघडून हवा खेळू दिली, मग ती लावून घेतली. मीटर पलंगावर ठेवला आणि दार ओढून हॉलमध्ये आलो. माणसांनी श्वासावाटे सोडलेली हवा खोलीत किती साठली, ते हा मीटर सांगतो. आकडा मोबाइलवर दिसतो. रिकाम्या खोलीत तो चढायचं कारण नाही.

तो चढत होता. अगदी संथपणे.

मीटर बिघडला असेल म्हणून मी दुसरा ठेवून पाहिला. तोही चढला. त्या भिंतीपलीकडे शेजारी नव्हते, मोकळी हवा होती. सुनेला मी यातलं काही बोललो नाही, फक्त बुरशी काढायला हवी म्हणालो. ती म्हणाली, उद्याच माणूस बोलावून भिंत खरवडून घेऊ, पलंगही काढून टाकू आणि आईंना आजपासून इथंच झोपवू. आजी माझ्या शेजारी बसून ऐकत होत्या.

आकडा थांबला.

मी मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. सून बोलत होती तोवर तो तिथंच राहिला, कुणी श्वास रोखून ऐकत बसावं तसा.

आजींना मोबाइल दिसत नव्हता. त्या बंद दाराकडे पाहत होत्या.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “मी कुठं जात नाही. झोपा तुम्ही.”

सूनही दाराकडे पाहू लागली.

आकडा पुन्हा चढू लागला.