छतातलं तयार भोक

उरकूचा त्या दुपारचा फायदा आधी मांडतो. बावीस पायऱ्यांची एक चढउतार वाचणार होती. भोक पाडायचं वाचणार होतं. वर वीज न्यायची नव्हती, म्हणून इलेक्ट्रिशियनच्या हातापाया पडणंही वाचणार होतं. एवढ्यावर माणूस खूश होतो.

उरकू माझ्या बायकोचा भाऊ. घरोघरी वायफाय बसवतो. हातातलं काम कधी एकदा उरकतो असं त्याला होतं, म्हणून हे नाव. थापा मारण्यात पटाईत. पण त्याच्या प्रत्येक थापेत शेवटी तोच जिंकतो. या गोष्टीत तो जिंकत नाही.

म्हणून मी ही खरी धरतो.

मंगळवार. दुपारचे अडीच. लख्ख ऊन.

घर दुमजली. मालक गणिताचे निवृत्त मास्तर, एकटेच, खाली राहणारे. वरची खोली बायको गेल्यापासून दोन वर्षं बंद. दुसऱ्या दिवशी तिथे भाडेकरू येणार होते. नवरा-बायको, दोघंही घरून काम करणारे. वर नेट नसेल तर येणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

"आणि ते नाही आले तर मुलगा मला उचलून घेऊन जाणार," मास्तर म्हणाले. "घर विकायचं म्हणतो. मला विचारतं कोण? सामानाला विचारतात का, कुठे ठेवू म्हणून?"

"ते येतात, तुम्ही बघाच," उरकू म्हणाला. "वर रिपीटर लावतो, वायफाय पुढे पोचवणारा. प्लगसुद्धा नको. एकाच वायरीतून नेट जाईल आणि वीजही. खाली हा स्विच, म्हणजे नेट आणि वीज वाटणारा डबा. तुमच्यासारखाच हिशेबी आहे, मास्तर. दुसऱ्या टोकाला मागणारं यंत्र असेल तरच वीज सोडतो. कोणी मागितलं नाही तर काही देत नाही."

मास्तर हसले नाहीत.

छताच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढं भोक होतं. कडा घासून गुळगुळीत झालेल्या.

"हे कशाचं?"

"जुनं आहे. तुम्ही दुसरं पाडा की."

"तयार असताना? फुकटचं भोक कोण सोडतो, मास्तर?"

मास्तर चहा टाकायला आत गेले.

खरी रीत अशी, की आधी वर जायचं, वायर ओढायची, यंत्र लावायचं, आणि सगळ्यात शेवटी खालचं टोक जोडायचं. उरकूने एक चक्कर वाचवली. खालचं टोक आधीच स्विचला लावून टाकलं. मग स्टुलावर चढून वायर भोकातून वर सारायला लागला. हातभर गेली...

आणि मग ती आपोआप जायला लागली.

सावकाश. कोणीतरी वरून ओढावी तशी.

मास्तर मागच्या जिन्याने वर गेले असावेत, असं उरकूला वाटलं. म्हातारा कामाचा निघाला. "वा मास्तर. ओढा, ओढा."

दहा हात गेली. वीस हात गेली.

"पुरे आता. खोली आहे का मैदान?"

वायर थांबली नाही. वेटोळं संपलं. वायर ताणली गेली. टेबलावरचा स्विच दोन बोटं सरकला...

मागे कपबशी वाजली.

मास्तर दारात उभे होते. हातात दोन कप.

"वर कोण आहे?" उरकूने विचारलं.

"कोणी नाही. कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात."

उरकू स्टुलावरून उतरला. आणि त्याची नजर स्विचवर गेली.

नारिंगी दिवा लागला होता. म्हणजे वीज जात होती.

वरचं टोक तर नुसतं कापलेलं होतं. रिपीटर त्याच्या पिशवीत होता, खोक्यातून काढलेलासुद्धा नव्हता. त्याने मोबाईलवर आकडा पाहिला. चार वॅट. सहा. नऊ.

"मास्तर... वर कोणीतरी मागतंय."

वायरीला झटका बसला. तीनदा.

थोडं थांबून, पुन्हा तीनदा.

मास्तरांनी दोन्ही कप टेबलावर ठेवले. थेंबही सांडला नाही. उरकू सांगतो, त्याला खरी भीती वाटली ती तेव्हा.

"ती तीनदाच ओढायची," मास्तर म्हणाले.

मास्तरांची बायको वर अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली. याच भोकातून दोरी सोडली होती आणि खालच्या टोकाला घंटा बांधली होती. काही लागलं की ती ओढायची.

"एका दुपारी मी दोरीची घंटा सोडून बाजूला ठेवली. तासभर झोपायचं होतं हो मला, बाकी काही नाही. उठून वर गेलो तर... सगळी दोरी पलंगावर. ओढून ओढून सगळी वर घेतली होती तिने."

उरकूने स्विचकडे हात नेला. "काढतो मी हे."

"राहू द्या."

"अहो, उद्या भाडेकरू..."

"त्यांना नको म्हणून कळवतो. ती मागतेय. आज मी जागा आहे."

उरकू पिशवी उचलून निघाला. फाटकापर्यंत पोचला तेव्हा मागे कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग पायऱ्यांवर पावलं. त्याने मोजली नाहीत.

अकराव्या दिवशी मुलाचा फोन आला. तुमचं सामान घेऊन जा.

मास्तर वरच्या पलंगावर सापडले होते. छातीत कळ आली असावी, असं डॉक्टर म्हणाले. वायरीचं टोक मुठीत होतं.

मुलाने वरची खोली रिकामी करून कुलूप लावलं होतं. तो बाहेर कोणाशी तरी घराच्या किमतीबद्दल बोलत होता. उरकूने खालून वायर ओढली. हातभर आली...

आणि अडली.

तीन झटके बसले.

मग एक चौथा. बेताने. काही सांडू नये तसा.

उरकूने वायर भोकाजवळ कापली, स्विच उचलला आणि आला.

तो स्विच आता त्याच्या माळ्यावर आहे. वायरीचा तुकडा अजून त्यात तसाच. डब्याला वीज जोडलेली नाही. तरी त्याची बायको म्हणते, मंगळवारी दुपारी माळ्यावर नारिंगी उजेड दिसतो. उरकू म्हणतो, ऊन असेल. माळ्याला खिडकी नाही.

दुपारची झोप त्याने सोडली. मी विचारलं, "का रे?"

"कोणी मागितलं तर," म्हणाला.

आता हिशेब. भाडेकरूंचं काही गेलं नाही, त्यांना दुसरी खोली मिळाली. मुलाने घर विकलं. मास्तरांनी तासाभराच्या झोपेची किंमत मोजली.

आणि उरकूने बावीस पायऱ्या वाचवल्या होत्या. आता मंगळवार आला की तो दुपारभर माळ्याच्या शिडीखाली खुर्ची टाकून बसतो.