उजव्या अंगाचं दूध

शेगडीजवळ सरका, आणि तो मोबाईल खिशात टाका. ही कुठल्या परक्या माणसाची गोष्ट नाही. मी गोहुंगची बस चालवायचो तेव्हा ज्याच्या घरी जेवायला थांबायचो, त्या योंगसिकची ही सून. मिरान तिचं नाव.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. मिरानची आई अंगणात पडली, खुबा मोडला. तिला कपडे पोचवायला मिरान एकटीच गाडी घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेली. धाकटा जुन पाच महिन्यांचा. त्याला सासूपाशी, ओक्बुनपाशी ठेवलं आणि आठपर्यंत येते म्हणाली. पण ऑपरेशन लांबलं. ती निघाली तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. छाती दाटून दगड झालेली, स्वेटर पुढून ओला.

या दुधापायी तिनं काय सोसलं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. थोरल्या लेकीच्या, बोराच्या वेळी विसाव्या दिवशीच दूध आटलं. चिरा पडून रक्त यायचं, तरी ती दात आवळून पोरीला अंगावर घ्यायची. पोर उपाशीची उपाशी. ओक्बुन शेजारणींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, की शहरच्या मुलींची छाती नुसती दिसायलाच असते. म्हणून जुनच्या वेळी भरभरून पान्हा आला, तेव्हा मिरान बाटली घरात येऊ देईना. बोराचं राहिलं ते जुनला देईन, एवढंच तिच्या डोक्यात.

तर खाडीचा बांध लागला. तिथला बसथांबा तुम्हाला माहीत आहे. शेवटची बस आठलाच जाते. पण त्या रात्री थांब्यावर एक म्हातारी बसली होती. पाठीशी मूल बांधलेलं. मिरान पुढे गेलीही असती, पण मूल रडलं... भुकेलं रडणं आईला लगेच कळतं. डोक्यानं काही ठरवायच्या आत तिचा पान्हा सुटला. दोन्हीकडून. तिनं गाडी थांबवली.

म्हातारी म्हणाली, "सूनबाई, दूध आहे ना तुला? वास आला मला."

"याची आई कुठंय, आजी?"

"आहे. दोन दिवस झाले, उठत नाही."

मिराननं पुढे विचारलं नाही. बाकावर बसून तिनं मूल उजवीकडे घेतलं. दुपट्यात तोंड नीट दिसत नव्हतं. ओठ लागले आणि ती शहारली. गार... थंडीनं गारठलेल्या पोरासारखं नाही. आतून गार.

मूल ओढत राहिलं. जुन पितो तेव्हा गुटुक गुटुक आवाज येतो. इथे आवाज नव्हता. नुसतं ओढणं. दूध जात होतं, गिळलं जात नव्हतं.

छाती हलकी झाली. मग रिकामी झाली. तरी ते सोडेना.

मग सोडलं. आणि तोंड डावीकडे वळवलं.

मिराननं स्वेटर ओढून घेतला. "नको आजी. ही बाजू माझ्या घरच्याची आहे."

खाली चिखलात कुठेतरी पाणी चढत होतं. मग म्हातारी हळूच म्हणाली, "थोरली उपाशीच होती की. जगली ना?"

...

हे तिला कुणी सांगितलं?

तोवर मुलानं स्वेटरवरूनच धरलं होतं. पिणाऱ्या मुलाला सोडवायला आई ओठांच्या कोपऱ्यातून बोट घालते. तसं मिराननं घातलं. आत जीभ लागली नाही. टाळू लागला नाही. ओली वाळू लागली. बोट आत जात राहिलं...

तिनं ते बाकावर टाकलं आणि पळाली. मूल टाकलं, मूल टाकलं, असं स्वतःलाच म्हणत तिनं गाडी हाणली. आरशात थांब्याचा दिवा दिसत होता. बाकावर कुणी नव्हतं.

बारा चाळीसला घर. जुन रडून निळा पडलेला, ओक्बुन त्याला घेऊन येरझाऱ्या घालत होती. मिराननं बूट न काढताच त्याला डावीकडे लावलं. तो गुटुक गुटुक प्यायला लागला, तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. तिनं सगळं सांगितलं. ओक्बुन कधी गप्प बसणारी बाई नव्हे, पण त्या रात्री तिनं एवढंच विचारलं, "कुठल्या अंगाला?" मग ती उंबऱ्याकडे तोंड करून उजाडेपर्यंत बसून राहिली. दार एकदाही वाजलं नाही.

उजव्या बाजूला दूध पुन्हा आलं नाही. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. जुन एका अंगावरच वाढला.

पण त्या पहाटेचं सांगायचं राहिलं. ओक्बुननं दार उघडलं तर पायरीवर वाळवलेल्या मियोकचा, बाळंतिणीच्या सारात घालतात त्या समुद्री शेवाळाचा, जुडा. गावातल्या कुणीच ठेवला नव्हता, तिनं घरोघर विचारलं. जुडा दुमडलेला नव्हता. हातभराहून लांब, अख्खा, सरळ. तसा न मोडलेला जुडा आपण कुणाच्या दारी नेतो, माहीत आहे ना? जिचे दिवस भरत आलेत, तिच्या, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून.

त्या घरात कुणाचेच दिवस भरत आले नव्हते.