वापरणारे: दोन

रेवसच्या अलीकडे, खाजणाच्या बांधावर, पत्र्याची एक खोपटी आहे. तिच्याखाली उघाडी. भरतीला उघाडीची जाड फळी खाली सोडायची, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की फळी उचलायची, म्हणजे शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी निघून जातं. बावीस वर्षं हे काम हिरामण करत होता. पण आषाढात तो बांधावरून घसरला, गुडघ्याचा भुगा झाला, आणि डॉक्टरांनी फळी उचलायचं चाक फिरवायला मनाई केली. उघाडी एक दिवस जरी चुकली तरी गावाचा भात खाऱ्या पाण्यानं जळणार, नाहीतर गोड्या पाण्यात कुजणार. महिनाभर गावकऱ्यांनी पाळ्या लावून काम ओढलं. मग श्रावणात, उधाणाच्या दिवशी, त्याची अकरावीतली लेक अमिषा जुना लॅपटॉप काखोटीला मारून खोपटीत ठाण मांडून बसली.

"बाबा, आजपासून उघाडी माझी!"

"तुजी? काल दाराची कडी लावायला इसरलीस."

"कडी फाइलीत लिहिली नव्हती ना!"

त्या फाइलीचं तिला भारी कौतुक. तिच्या लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टीमच तशी होती. मशीनमध्ये काय काय हवं ते सगळं एका फाइलीत लिहायचं, मग सिस्टीम ती वाचून स्वतःला नव्यानं उभी करते. लिहिलंय ते आहे. लिहिलं नाही ते नाहीच. फळीची मोटर आणि पाण्याचं अंतर मोजणारा सेन्सर, दोन्ही एका डबीला जोडलेले. डबीची वायर लॅपटॉपला. पण सिस्टीम डबीला ओळखेना. त्यासाठी कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, डबीशी बोलणारं एक जादा मॉड्यूल, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चढवायला हवं होतं. अमिषानं फाइलीत त्याच्या नावाची ओळ घातली, सिस्टीम पुन्हा बांधली, लॅपटॉप बंद करून चालू केला. चढलेल्या मॉड्यूलांच्या यादीत नाव आलं. त्यापुढे, ते किती जण वापरताहेत तो आकडा: एक. म्हणजे डबी.

पोरगी आनंदानं स्टुलावरून उडालीच.

बाराच्या सुमाराला भरती चढली. हिरामण काठी टेकत दारात गेला. फळी सोडण्याआधी शेताकडे तोंड करून तीन हाका घालायच्या, हा त्याच्या बापापासूनचा रिवाज. खेकडे धरायला कोणी आतल्या चरात उतरलं असेल तर वर येतं.

"थांब, हाळी घालू दे."

"मी आत्ताच बघून आले, बाबा. चिटपाखरू नाय आत. पाणी खुणेला लागलं की फळी आपोआप सुटणार, तसंच लिहिलंय."

"हाळीचं लिहिलंस?"

"त्यात काय लिहायचं!"

एवढ्यात मोटर घरघरली. फळी खाली जाऊन चिखलात बसली. हाक मारायला उघडलेलं तोंड हिरामणनं तसंच मिटलं.

एक वाजता तिनं सहज यादी पाहिली. वापरणारे: दोन.

डबी एक. वायर एक. पडद्यावर मात्र सेन्सरच्या ओळीखाली आणखी एक ओळ उमटू लागली होती. सेन्सरची धाव फार तर चार मीटर. ही ओळ एक्केचाळीस मीटर सांगत होती. मग चाळीस. बराच वेळ चाळीस. मग एकदम अडतीस. चिखलातून पाय उपसत कोणी चालावं तशी.

अमिषानं दारातून पाहिलं. हिरवागार भात, वर ढग, मधोमध चराचं काळं पाणी. बगळासुद्धा नव्हता.

"बाबा, आत कोण दिसतंय?"

"कोन? तूच म्हनालीस ना, कोन नाय?"

तिनं मॉड्यूल उतरवायचा हुकूम दिला. उत्तर आलं: वापरात आहे. तिनं वायर उपटली. सेन्सरची ओळ थांबली. वापरणारे: एक.

दुसरी ओळ एकतीसवर आली होती.

चार वाजेपर्यंत तिनं जे जे येत होतं ते सगळं केलं. शेवटी एकच उपाय उरला. ही सिस्टीम दर वेळची जुनी बांधणी जपून ठेवते. लॅपटॉप चालू करताना तिनं कालची बांधणी निवडली, ज्यात ती ओळ कधी लिहिलेलीच नव्हती. यादी उघडली. मॉड्यूलचं नावही नाही. ती हुश्श करून मागे टेकली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. मॉड्यूल नाही, तर डबी नाही. डबी नाही, तर मोटर नाही. बाहेर ओहोटी केव्हाच लागलेली, आणि शेतातलं पाणी भाताच्या शेंड्यांना लागलेलं.

हिरामण खोपटीत नव्हता.

"बाबा! गुडघा!"

"मग भात कुजवू का?" खालून आवाज आला.

आत एवढं पाणी तुंबलं की ते चाक एकट्या धडधाकट माणसालाही हलत नसे. कुरकुर झाली. फळी उठली. पाणी धो धो खाडीकडे सुटलं.

हिरामण पायऱ्या चढून वर आला. त्याला धापसुद्धा लागली नव्हती.

"हलकी गेली गो. आतून टेकू दिला कुनीतरी."

"कोणी?"

"काय म्हाईत. बोलला नाय."

अमिषानं पडद्याकडे पाहिलं. वायर स्टुलाखाली पडलेली. काळ्या पडद्यावर एकच ओळ.

दोन मीटर.

तिनं लॅपटॉप उचलून छातीशी धरला आणि बांधावर उतरली. मागं आलंच तर ते बाबांपासून लांब जावं, म्हणून घराच्या उलट दिशेनं, खाडीकडे. धावली नाही. भराभर चालत सुटली.

"बाय! तिकडं कुठं?" मागून हिरामणनं हाक मारली. आवाज लांबून आला. तो खोपटीशीच उभा होता.

पन्नास पावलं मोजून झाल्यावर तिनं खाली पडद्याकडे पाहिलं.

एक मीटर.