पनिहारच्या उतारावरची उभी गाडी

वीज गेलीच आहे, तर बसा इथेच. सांगतो ते माझ्या आत्यानं, कुमुदिनीनं, मला स्वतः सांगितलेलं आहे. दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा शब्द न शब्द तेच. खोटं बोलणारी बाई असती, तर दुसऱ्या वेळेला भुताला शिंगं फुटली असती.

छप्पन सालची धनत्रयोदशी. ऑक्टोबरची एकतीस तारीख. त्या रात्री मध्य भारत हे राज्य संपायचं होतं आणि सकाळी मध्य प्रदेश उजाडायचा होता. ग्वाल्हेरातली निम्मी दफ्तरं पेट्यांत भरून भोपाळला निघाली होती.

आत्या शिवपुरीला आईच्या आजारपणासाठी राहिली होती. दुसऱ्या दिवशीची अंघोळ आपल्या घरी व्हावी म्हणून तिचे यजमान सूर्याजी, म्हणजे आमचे आतोबा, तिला गाडीनं आणायला गेले. साधं काम. निघायला उशीर झाला, एवढंच.

आतोबा मोटार-मंडळाचे जुने सभासद. हे मंडळ ग्वाल्हेरच्या गाडीवाल्यांनी संस्थानी काळात एकमेकांसाठी काढलेलं. नियम एकच. मंडळाचा पितळी बिल्ला लावलेली गाडी रस्त्यात उभी दिसली, तर ओलांडून पुढं जायचं नाही. मग लग्नाचा मुहूर्त टळो, नाहीतर घरी पानं वाढलेली असोत. एकदा कुणा अनोळखी सभासदाच्या गाडीचा पट्टा तुटला, तर आतोबांनी आत्याच्या नव्या लुगड्याचा काठ फाडून तिथं बांधला होता. आत्या वर्षभर त्या काठावरून बोलायची. पण बोलताना तिचा चेहरा खुलायचा. आपला माणूस रस्त्यावर कुणाला सोडून जात नाही, याचा तिला अभिमान होता.

संस्थान गेलं तेव्हा हे मंडळ इंदूरच्या मंडळात मिसळलं. आता भोपाळच्या मंडळात जायचं घाटत होतं. आतोबा म्हणायचे, "बिल्ला बदलेल. रस्ता थोडाच बदलणार?"

घाटीगाव मागं पडलं. पनिहारचा उतार लागला. चंद्र नाही, दोन्हीकडे झाडी. एकाएकी आतोबांनी ब्रेक दाबला.

"काय झालं?"

"मंडळाची गाडी उभी आहे. बस तू, आलोच."

आत्यानं समोर पाहिलं. दिव्यांच्या उजेडात रस्ता होता. नुसता रस्ता.

आतोबा उतरले. चार पावलं पुढं जाऊन थांबले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार. कधीपासून उभे आहात?"

आत्याला वाटलं, थट्टा चालली आहे. आतोबा तसे थट्टेखोरच. ते मागं आले, पाण्याचा डबा काढला.

"इंजिन तापलंय त्यांचं. अगं, मागं बाई बसल्यात, मांडीवर पोर आहे. जरा चौकशी कर की. चांगल्या घरच्या दिसतात."

"अहो… कुठं?"

"कुठं म्हणजे? ही काय!"

त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. प्रवासाचा शीण, वेळी-अवेळी खाणं… माणसाला भ्रम होतो, असं तिनं स्वतःला समजावलं. खाली उतरून त्यांचा दंड धरला. "घरी चला," म्हणाली.

आतोबांनी डबा कलता केला. दिव्यांच्या उजेडात पाण्याची धार तिला स्वच्छ दिसली. डबा रिकामा झाला.

खालचा रस्ता कोरडा होता.

आत्या गाडीत येऊन बसली. आतोबांनी गाडी जरा बाजूनं पुढं घेतली, उतरून दोर काढला, एक टोक आपल्या गाडीला मागं बांधलं, दुसरं घेऊन अंधारात वाकले. बराच वेळ वाकलेले. मग येऊन चाक हातात घेतलं.

"मुरारला सोडायचंय. त्यांचं घर आहे तिथं."

गाडी निघाली… आणि हिसका बसला. मागं काहीतरी होतं. जड. चढ आला की इंजिन कण्हायचं. आत्यानं एकदाच वळून पाहिलं. दोर ताठ होता… थेट अंधारात गेलेला.

शहराच्या तोंडाशी चुंगीनाका, म्हणजे जकातीचा. पहारेकऱ्यानं दांडी वर केली. यांची गाडी आत आली. आत्या मनात म्हणाली, आता टाकेल दांडी दोरावर, आणि सुटेल हे सगळं. पहारेकऱ्यानं दांडी टाकली नाही. तशीच धरून ठेवली. एक गाडी जाईपर्यंत. मग मागं वाकून म्हणाला, "राम राम, हुज़ूर. आज बहुत देर हो गई."

म्हणजे त्यालाही दिसत होते.

दिसत नव्हतं ते फक्त तिला.

मुरारला एका बंगल्यापुढं आतोबांनी गाडी थांबवली. दारावर पाटी एका सरकारी दफ्तराची. कुलूप, त्यावर लाखेची मोहर. दफ्तर दोन महिन्यांपूर्वीच भोपाळला गेलेलं. आतोबा उतरून मागं गेले. आत्याला ऐकू येत होतं, पण अर्धंच.

"हेच का घर?… अहो पण… नाही, कुलूप सरकारी आहे…"

शांतता.

"मी कसं तोडू, साहेब?… किल्ली कुणाकडे, तेही…"

शांतता.

"वहिनी, रडू नका… वहिनी…"

आतोबा दारापाशी गेले. कुलूप दोन्ही हातांनी ओढलं. पुन्हा ओढलं. मग कपाळ दाराला टेकवून उभे राहिले. कुठल्याही गाडीखाली हसत शिरणारा माणूस… आत्यानं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

तिला राहवेना. ती उतरली. जिथं कुणीच नव्हतं, तिकडं हात जोडून म्हणाली, "बाई… आमच्या हातात काही नाही हो."

दोर सैल पडला.

आतोबा हळूच म्हणाले, "उतरले."



भाऊबीज झाल्यावर आतोबा पाटणकर बाजारात रघुनाथरावांकडे गेले. मंडळातले सगळ्यांत जुने ते. आणखी दोघे-तिघे सभासद बसलेले, जुन्या आठवणी निघालेल्या. कुणी कुणाला कुठल्या नाल्यातून ओढून काढलं, कुणाच्या वरातीची गाडी ढकलली. आतोबांनी सगळं सांगितलं.

"मानसिंगराव," रघुनाथराव म्हणाले. "दरबारात हुद्देदार होते. संस्थान गेलं, हुद्दा गेला, मुरारचा बंगला दफ्तराला गेला. ते शिवपुरीला मेहुण्याकडे राहायला गेले. एकोणपन्नासच्या थंडीत बायको घरासाठी झुरायला लागली. निदान बाहेरून तरी दाखवा म्हणाली. म्हणून निघाले. पनिहारच्या उतारावर गाडी तापली. रात्रभर उभे होते."

"आणि मंडळ?"

"कुठलं मंडळ? तेव्हा इंदुरात मिसळायची गडबड चालली होती. निरोप कुणी घ्यायचा हेच ठरलं नव्हतं. पनिहारहून माणूस आला होता… त्याला ह्या दारातून त्या दारात पाठवलं. पहाटे एका ट्रकला अंधारात त्यांची गाडी दिसली नाही. तिघंही…"

आतोबा म्हणाले, "मी तरी काय केलं? दारापर्यंत नेलं आणि बाहेर उभं केलं."

त्या बैठकीत गोपाळकृष्ण होते, त्याच दफ्तरात मोठे कारकून. राहिलेली कपाटं हलवायची म्हणून त्यांच्याकडे किल्ली आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले, सोबत आतोबा आणि आत्या. निदान एकदा दार उघडं करून द्यावं, असं आतोबांच्या मनात होतं.

मोहर शाबूत होती. गोपाळकृष्णांनी ती फोडली. कुलूप निघालं.

दार ढकललं. हललं नाही.

पुन्हा ढकललं. दोघांनी खांदा लावला. लाकूड फुगलं असेल म्हणून गोपाळकृष्ण बंगल्याला वळसा घालून आले. खिडक्यांना गज. मागचं दार दफ्तरवाल्यांनी कधीचंच विटांनी बुजवलेलं.

शेवटी सुतार आणून बिजागऱ्या काढल्या. आत कुणी नव्हतं. जमिनीवर धुळीचा थर, त्यावर एकही पाऊल नाही. जळमटंसुद्धा तुटलेली नव्हती.

दाराच्या दोन्ही फळ्या एकत्रच निघाल्या; सुतारानं त्या तशाच भिंतीला टेकवल्या, आणि तो हात झटकून मागं सरला.

आत्यानं पाहिलं.

दाराची कडी… आतून लावलेली होती.