चार काळे कागद

अठ्ठ्याऐंशीचा फेब्रुवारी, इंग्लंडातल्या लीड्सची हाडं फोडणारी थंडी, आणि हॉस्पिटलच्या गेटावर पगारवाढीसाठी बोर्ड धरून उभ्या नर्सेस. त्यातलीच एक सुलक्षणा. तिच्यासमोर एकदम एक कॅमेरा आला. कॅमेऱ्यामागे लाल झालेलं नाक — शशिधर.

"जरा ओरडू नका ना. चेहरा हवाय."

"अहो, ओरडायलाच आलेय मी!"

"मग ओरडून झालं की बघा इकडे."

तिनं बघितलं. झालं! बोर्ड कलला, घोषणा विसरली.

त्याच्या हातातली रोलची डबी वाचत ती म्हणाली, "ब्लॅक अँड व्हाइट कशाला? स्कार्फ बघा, कसला लालभडक आहे!"

"म्हणूनच. रंग असला की लोक स्कार्फ बघतात. मला डोळे दाखवायचेत."

दोघांनी एकाच फ्लास्कमधला चहा प्यायला. जाताना म्हणाला, "तीन आठवड्यांनी लायब्ररीत फोटो लावतोय. येशील?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. ते तीन आठवडे पोरीनं कसे ढकलले, तिचं तिलाच ठाऊक. थर्मामीटर झटकतानाही डोळ्यांपुढे तेच लाल नाक...

लायब्ररीत गेली, तर भिंतभर त्यांच्याच नर्सेस. दमलेले डोळे, फुटलेले ओठ. पुस्तकं परत करायला आलेली माणसं तिथंच थबकत होती. एका म्हाताऱ्यानं तर डोक्यावरची टोपी काढली. सुलक्षणा एकेक चेहरा बघत पुढं सरकली. पण तिचा फोटो? कुठंच नाही. एका जागी नुसता खिळा.

"तुझ्यासाठी खिळा ठोकलाय बघ!" वॉर्डातली रेखा खिदळली.

सुलक्षणा कोटाची बटणं लावत दाराकडे निघाली. शशिधर धावत आला.

"थांब ना! उद्या ब्रिस्टलला चाललोय... नोकरी लागली तिथं."

"आणि माझा फोटो?"

त्यानं पाकीट पुढं केलं. आत चार कागद. चारही काळेकुट्ट.

"फोटो धुताना औषधात कागद टाकला की चेहरा हळूहळू वर येतो. आला की लगेच उचलायचा, नाहीतर काळा पडतो. मी... बघतच बसलो."

"चारही वेळा?"

"चारही वेळा."

तिनं एक कागद खिडकीशी धरला. काळ्यात खोल कुठंतरी तिचेच डोळे होते — त्याच्याकडे बघणारे.

"वेंधळा आहेस."

"आहे."

"ब्रिस्टलला डार्करूम आहे?"

"असेल की... का?"

"शनिवारी मला सुट्टी असते." तिनं कागद नीट पाकिटात सरकवला. "पाचवा कागद मी उचलते वेळेवर. तू बघत बस."