तापलेल्या कातळापर्यंत

चेन्नईत, वेलचेरीच्या शेअर ऑटोत तो सगळ्यात शेवटी चढला आणि हरिप्रियेच्या शेजारी अंग चोरून बसला. मांडीवर पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. स्टेशनच्या वळणावर ऑटोने करकचून ब्रेक मारला, पंचा सुटला आणि उभा कापलेला एक वालुकाश्म थेट तिच्या ओंजळीत आला. दगडाच्या पोटात निमुळतं होत गेलेलं एक छिद्र होतं.

"आई गं... सॉरी. लागलं का?" घाईत त्याच्या तोंडून मराठीच निघालं.

तिने दगड उलटसुलट करून पाहिला. "लागलं नाहीं मज. पण हें छिद्र फार खोल गेलं नाहीं."

तो थक्क झाला... आणि मग त्या 'मज'वर हसला. त्यात वाईट काही नव्हतं, पण हरिप्रिया पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या तंजावुरी मराठी घरातली होती. हे हसू तिने महाराष्ट्रातून आलेल्यांकडून पुष्कळदा ऐकलं होतं. पुढचं सगळं ती इंग्रजीत बोलली.

दोघंही नुंगंबाक्कमच्या एकाच ऑफिसापाशी उतरले, तेव्हा कुठे ओळख झाली. तो उन्मेष, अकोल्याचा, समुद्रातल्या तेलविहिरींवर राबणारा इंजिनिअर, एका कामापुरता इथे आलेला. ती त्याच कंपनीत विहिरींची गणितं मांडणारी. खोदलेल्या विहिरीला आतून पोलादी नळी बसवतात. मग स्फोटकं भरलेली 'गन' खाली सोडून त्या नळीला आणि पलीकडच्या कातळाला छिद्रं पाडायची, म्हणजे वायूला वाट मिळते. ऑटोतला दगड अशाच स्फोटाच्या चाचणीतला होता. आंध्रच्या किनाऱ्यापलीकडची नवी विहीर अतिखोल होती. तळाशी भट्टीसारखी उष्णता, प्रचंड दाब आणि कातळ असा घट्ट की वायू जागचा हलायला तयार नाही.

म्हणून उन्मेषला सगळ्यात खोल छिद्र पाडणारी स्फोटकं हवी होती. हरिप्रिया म्हणायची, ती उष्णतेत फार वेळ टिकत नाहीत. गन पाइपला जोडून उतरवताना वाटेत खोळंबली, तर ती नासतील, नाहीतर आपोआप उडतील. उष्णता सोसणारी दुसरी स्फोटकं होती, पण त्यांचं छिद्र उथळ.

वाद लांबला. कधी संगणकासमोर, कधी रस्त्यापलीकडच्या टपरीवर, कॉफी निवेपर्यंत. बोलताना ती केसांतला मोगरा नकळत चाचपायची आणि त्याचं पुढचं वाक्य हरवायचं.

"तुमचा माझ्यावर विश्वासच नाही," तो एकदा म्हणाला.

"उष्णतेवर नाही," ती इंग्रजीतच म्हणाली, पण हसून. "तुमच्यावर... अजून ठरलं नाही."

शेवटच्या बैठकीत साहेब, वेंकटरमण, उन्मेषच्या बाजूने झुकले होते. हरिप्रियेने उन्मेषला एवढंच विचारलं, की त्याची गन आजवर कधी ठरल्या वेळी तळाला पोचली आहे का. तो सगळ्यांसमोर म्हणाला, की एकदाही नाही. स्फोटकं हरिप्रिया म्हणते तीच घ्यावीत. उथळ छिद्रावरचा उपायही तिने सांगितला. विहिरीतला दाब कातळातल्या दाबापेक्षा कमी ठेवून स्फोट करायचा, म्हणजे कातळातला वायूच उसळून चुरा बाहेर ढकलतो आणि छिद्र मोकळं राहतं.

उन्मेष समुद्रावर गेला. गन निम्मी उतरली आणि वादळी वारा सुटला. काम थांबलं. स्फोटकं खाली तापत लटकून राहिली. हरिप्रियेने गणित पुन्हा पुन्हा तपासलं. ते बरोबर होतं, तरी दुपारचा डबा तिने उघडला नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"माझी स्फोटकं असती, तर आत्ता इथे कुणाच्या जिवात जीव राहिला नसता," तो म्हणाला. "आम्ही निवांत बसलोय... तुझ्यामुळे."

त्या 'तुझ्या'ने ती गडबडली. इंग्रजी शब्द सापडेना.

"जेवलांत कीं नाहीं तुम्ही?" तिने विचारलं.

पलीकडे तो हसला नाही. हळूच म्हणाला, "अजून नाही... जेवतो. पण असंच बोल ना थोडं."

मग ती बोलत राहिली, वारा ओसरल्याचा निरोप येऊन त्याला जावं लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी स्फोट नीट झाला आणि वायू वर आला. बातमी ऐकून वेंकटरमणांनी सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला.

उन्मेष परतला तो थेट टपरीवर. उन्हाने रापलेला, दाढी वाढलेली. त्याला चेन्नईतच बदली मिळत होती.

"घेऊ?" त्याने विचारलं. "माझं उत्तर तयार आहे. तुझं ऐकायचंय."

हरिप्रियेने पेला खाली ठेवला. "त्या दिवशी मज गणिताची काळजी नव्हती... तुमची होती. घ्या बदली. पण पुढच्या विहिरीवर मी जाणार. साहेबांस सांगून झालं."

"आणि मी?"

"तुम्ही इथं फोनापाशीं बसणार. काळजी करत."

"मग तू जाण्याआधी तुझ्या घरी येतो," तो म्हणाला. "काळजी करायची, तर रीतसर हक्काने करेन."

तिने मान खाली घातली... आणि टपरीवाल्याला तमिळमध्ये आणखी दोन कॉफी सांगितल्या.